चिंता देवाच्या हाती कशी द्यायची: रोजच्या प्रार्थनेची कामाची पद्धत

‘देवावर सोपवून द्या’ हा सल्ला रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांनाच मिळतो. सोपवायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. खाली तेवढंच दिलं आहे: वेळ कोणती, जागा कोणती, वाचायचं काय, बोलायचं काय आणि घोडं कुठे अडतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘मी आपली शांती तुम्हांला देतो’ (योहान १४:२७) असं येशू शिष्यांना म्हणाला ते वधस्तंभाच्या आदल्या रात्री. कशाचीही चिंता करू नका, असं प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रात लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्यानं ते सांगून टाकलंय. कर्ज फिटल्यावर, मुलीचं लग्न झाल्यावर, साहेबाची बदली झाल्यावर मग शांती, असा हिशेब बायबलमध्ये कुठेच नाही. ती अडचणीच्या मधोमध मिळते, आणि बहुतेकांना ती चार-पाच साध्या सवयी महिनोन्महिने पाळता पाळता मिळते. म्हणून ‘आज शांत वाटलं का?’ असं रोज मन चाचपत बसू नका. आजचं वाचन झालं का, एवढंच विचारा.

वेळ आणि जागा

पंधरा मिनिटं पुरेत. पहिल्याच दिवशी तासभर ठरवणाऱ्यांचा उत्साह सहसा दुसऱ्या आठवड्यात संपतो.

नागपुरात ऋतूप्रमाणे वेळ बदलावी लागणार हे धरूनच चाला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात, झोप उशिरा लागते. तेव्हा पहाटे पाच ते साडेपाच हीच काय ती गारव्याची वेळ. गच्चीवर किंवा अंगणात बसा. आतच बसायचं असेल तर कूलर चालू ठेवायला हरकत नाही, त्याच्या घरघरीत घरातले बाकीचे आवाज बुडतात. जानेवारीत पहाटे अंथरुणातून निघवत नाही. आंघोळीनंतर आणि डब्यांची घाई सुरू होण्याआधीची वेळ धरा. हिंगण्याला किंवा बुटीबोरीला रात्रपाळी करणाऱ्यांनी स्वतः उठल्यावरची वेळ हीच सकाळ मानावी. दुपारी दोनला उठलात तर तुमची सकाळची प्रार्थना दोनला.

जागा रोज एकच ठेवा, खुर्चीसुद्धा तीच. गुडघे टेकवत असतील तर उत्तम, दुखत असतील तर पाय जमिनीला टेकवून ताठ बसा. पलंगावर लोडाला टेकून केलेली प्रार्थना झोपेत संपते. बायबल छापील घ्या. मोबाईलवरचं वाचन वाईट म्हणून नव्हे, पण त्याच पडद्यावर ऑफिसचा मेसेज झळकला की मन तिकडे जातं ते परत येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांना एकदाच सांगून टाका: एवढी पंधरा मिनिटं हाक मारू नका. घरात कोणाची श्रद्धा वेगळी असेल तर हळू आवाजात वाचा आणि त्यावरून वाद ओढवून घेऊ नका.

स्तोत्रांपासून सुरुवात

नवखा माणूस बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला घेतो आणि तिसऱ्यापर्यंत, लेवीयपर्यंत, जाऊन थांबतो. अस्वस्थ मनासाठी स्तोत्रसंहिता जास्त उपयोगी, कारण तिथे रागावलेली, घाबरलेली, थकलेली माणसं देवाशी थेट बोलतात आणि देव त्यांना गप्प करत नाही. एकूण स्तोत्रं १५०. निवड करायची सोपी रीत अशी: आजची तारीख घ्या, तिच्यात तीस-तीस मिळवत जा. सात तारखेला ७, ३७, ६७, ९७ आणि १२७. पाचही वाचली तर महिन्यात सगळी स्तोत्रं पूर्ण होतात. पाच झेपत नसतील तर पाचांवर नजर फिरवून आजच्या मनाला लागू पडणारं एक निवडा. २९ तारखेला ११९वं समोर येतं. त्याच्या १७६ ओव्या आहेत, म्हणून ते बाजूला ठेवा आणि एकतिसावा दिवस असलेल्या महिन्यात त्या दिवशी वाचा. तेही एका दमात नको. त्याचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग आहेत, त्यातले दोन-तीन पुरेत.

याहून सोपं हवं असेल तर १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं घ्या, रोज एक. १३२वं सोडलं तर सगळी लहान आहेत, १३१वं तर तीनच ओव्यांचं. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू ती म्हणत आले असं मानतात. सेमिनरी हिल्सला किंवा फुटाळ्याला फिरायला जाणाऱ्यांनी ती पाठ करून चालता चालता म्हणावीत.

वाचताना चार टप्पे ठेवा. जुन्या मठांतली ही रीत आहे, बाराव्या शतकापासून याच क्रमानं सांगितली जाते.

१. स्तोत्र मोठ्यानं, सावकाश वाचा. थांबा. पुन्हा वाचा.
२. मनाला टोचलेला किंवा धरून ठेवणारा एक शब्द, एक ओळ निवडा. अर्थ शोधत बसू नका, ती ओळच आठ-दहा वेळा म्हणा.
३. त्या ओळीवरून देवाशी आपल्या भाषेत बोला. ‘कोठवर?’ हा शब्द टोचला असेल तर तुम्हालाही ‘किती दिवस अजून?’ असं विचारता येतं. १३व्या स्तोत्रात तेच विचारलंय.
४. शेवटी दोन मिनिटं काहीच बोलू नका.

चौथा टप्पा सगळ्यांना जड जातो. शांत बसलं की गॅस सिलिंडर, फी, काल कोणीतरी बोललेलं, सगळं एकदम वर येतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही. दिवसभर दाबून ठेवलेलं वर यायला दुसरी जागाच नसते. विचार आला की त्याच्याशी झगडू नका, निवडलेली ओळ पुन्हा एकदा म्हणा. सिलिंडरसारखी खरीच कामं आठवली तर जवळच्या कागदावर एका शब्दात टिपून टाका.

छापील प्रार्थना म्हणाव्यात की मनानं बोलावं, यावर मंडळीत अजून कुजबुज चालते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात पुस्तकातून उपासना चालवणारे अँग्लिकन होते आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारे बॅप्टिस्ट नि डिसायपल्सही होते. दोन्ही रीती घरी ठेवा. मन भरलेलं असेल तेव्हा आपल्या शब्दांत बोला. डोकं रिकामं, अंग मोडून आलेलं असेल त्या दिवशी प्रभूची प्रार्थना एकेका ओळीला थांबत म्हणा. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना आज घरात काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. कॅथलिक घरांत जपमाळ असतेच. पाच दशकांना (दशक म्हणजे दहा मण्यांचा एक भाग) वीसेक मिनिटं लागतात, पण थकलेल्या संध्याकाळी पाचही उरकण्यापेक्षा एक दशक नीट म्हणा. जपताना येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग मनात धरतात, त्यांना रहस्यं म्हणतात: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, गुरुवारी प्रकाशाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. त्या दिवशीचं पहिलंच रहस्य मनात धरलं तरी चालतं.

चिंतेची वही

सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे. साधी शंभर पानी वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तारीख आणि मागणी, उजवी बाजू कोरी.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सहावी ओवी तीन गोष्टी मागते: प्रार्थना, विनंती आणि आभार. बहुतेक लोक पहिलीवरच थांबतात, म्हणजे ‘प्रभू, सगळं ठीक कर’ म्हणून उठतात. त्यानं मन हलकं होत नाही, कारण चिंता धूसरच राहते. विनंती नेमकी करा. ‘मुलाचं भलं कर’ असं न लिहिता ‘बुधवारी मिहानमध्ये त्याची मुलाखत आहे, त्याला न घाबरता बोलता येऊ दे’ असं लिहा. ‘आईला बरं कर’ याऐवजी ‘गुडघ्याच्या ऑपरेशनचा निर्णय या महिन्यात घ्यायचाय, आम्हा भावंडांचं एकमत होऊ दे’. नाव, दिवस, गोष्ट. एक चिंता, एक वाक्य. एका दिवशी तीनपेक्षा जास्त लिहू नका. पंधरा चिंतांची यादी केली की तीच नवी चिंता होते.

लिहून झालं की प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचा आणि ‘हे मी तुझ्यावर टाकलं’ असं म्हणा. १ पेत्र ५:७ मधली भाषा हीच आहे. मग स्वतःला विचारा: यातलं आज माझ्याकडून होण्यासारखं काम कोणतं? एखादा फोन, एखादा अर्ज, बँकेत एक चक्कर. ते एक काम खाली लिहा. प्रार्थना केली म्हणून हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. हप्ता थकणार असेल तर तारखेच्या आधीच बँकेत जाऊन बोलणं हेही त्याच पानावर यायला हवं.

आभाराचं कलम लोक एकतर विसरतात किंवा खोटं करतात. आजारपणाबद्दल आभार मानायची गरज नाही. आजारपणात रात्री सोबतीला थांबलेल्या शेजारणीबद्दल माना. कालच्या दिवसातल्या दोन गोष्टी, त्याही नेमक्या.

महिन्यातून एकदा मागची पानं उलटा आणि उजव्या बाजूला काय झालं ते लिहा. काही ठिकाणी ‘झालं’ येईल, काही ठिकाणी ‘वेगळंच झालं’, काही ठिकाणी ‘अजून नाही’. ‘नाही’ हेही लिहायचं. पौलानं शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही (२ करिंथ १२). कोरी जागा सोयीनं सजवली तर वही दोन महिन्यांत निरुपयोगी होते.

दिवसभरात

दुपारी वहीही नसते, खुर्चीही नसते. अर्ध्या-पाऊण मिनिटाची प्रार्थना पाठ असू द्या. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतली जुनी प्रार्थना श्वासावर बसते: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. सिताबर्डीच्या सिग्नलवर, मेट्रोच्या जिन्यावर, साहेबाच्या केबिनबाहेर, आठ-दहा श्वास. ही बोलणं चढायच्या आधी करायची. शब्द तोंडातून गेल्यावर फार उपयोग नाही. एखाद्या रोजच्या कामाला जोडून टाका, म्हणजे गाडीची किल्ली लावताना किंवा कुकरची शिटी होताना, तर आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

संध्याकाळची उजळणी

जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात घालून दिलेली पाच पायऱ्यांची उजळणी आता कॅथलिक नसलेलेही करतात. दहा मिनिटं लागतात. आजच्या एका चांगल्या गोष्टीबद्दल आभार. दिवस खरा दिसावा म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं. सकाळपासून आतापर्यंतचे प्रसंग क्रमानं आठवणं. जिथे चुकलं त्याची क्षमा. उद्याच्या एका अवघड गोष्टीसाठी मदत.

ती जेवणाआधी करा. अंथरुणात केली तर तिसऱ्या पायरीला झोप लागते. दुसरी अडचण अशी की मुळात स्वतःला टोचून खाणारी माणसं या दहा मिनिटांत अपराधांची यादी करतात आणि आणखी खचतात. त्यांनी पहिल्या पायरीला पाच मिनिटं द्यावीत, चौथीला एकच गोष्ट घ्यावी, तिची क्षमा मागावी आणि ती पुन्हा उगाळू नये. कॅथलिकांना फादरांकडे पापनिवेदन करता येतं. इतरांनी एक विश्वासू माणूस निवडावा. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब सांगतो. निवडताना बघायचं एवढंच, की त्या माणसानं तुमच्यासमोर दुसऱ्याचं गुपित कधी फोडलेलं नाही ना.

झोपताना चौथं स्तोत्र म्हणा. आठच ओव्या आहेत आणि शेवटची झोपेबद्दलच आहे.

बोलणं बंद झालेल्या माणसाचं काय

महिनाभर हे सगळं नीट करूनही आत काहीतरी खुपत राहिलं, तर बहुतेक वेळा तिथे एक माणूस असतो: हिश्श्यावरून दुरावलेला भाऊ, लग्नात मान राहिला नाही म्हणून रुसलेली नणंद, मंडळीच्या निवडणुकीत विरुद्ध गेलेला मित्र. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये, असं मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू स्पष्ट सांगतो. इथे जास्त प्रार्थना हा उपाय नाही. इथे जावं लागतं.

आधी आठवडाभर त्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी मागा, त्याच्या सुधारण्यासाठी नव्हे. मग एकट्यानं भेटा. मत्तय १८:१५ मध्येही पहिली पायरी एकांतातलीच आहे. फॅमिली ग्रुपवर माफी मागू नका, तिथे ती तमाशा होते. आपला दोष एका वाक्यात सांगा आणि थांबा: ‘वहिनी, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं.’ पुढे ‘पण तुम्हीपण’ आलं की आधीचं वाया गेलं. समोरून उत्तर आलं नाही तरी तुमचं काम झालं. महिन्याभरानं सणासुदीला पुन्हा एकदा साधी विचारपूस करा. जमिनीचा किंवा पैशाचा वाद क्षमेनं मिटत नाही, त्याची कागदपत्रं वेगळी चालवा. मन मोकळं झालं म्हणून सही करून देऊ नका.

मारहाण होत असेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही. क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं असं मंडळीतल्या कोणी पुढाऱ्यानं सांगितलं तरी ते ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा, ११२ वर फोन करा.

रविवार

सकाळची उपासना, मग संडे स्कूल, कमिटीची मीटिंग, क्वायरचा सराव, दुपारी एखाद्याच्या घरी प्रार्थना, संध्याकाळी युवक संघ. सेवेच्या नावाखाली मंडळीतली कामसू माणसं शनिवारपेक्षा रविवारी जास्त थकतात. दर रविवारी उपासनेशिवाय एकच जबाबदारी घ्या, बाकीला नम्रपणे नाही म्हणा.

आणि रविवारचं मटण. बाप्या माणसांचा विसावा आणि बाईचा दुप्पट स्वयंपाक, असा रविवार निर्गम २०:१० मध्ये बसत नाही. तिथे मुलगी, दासी, परका, गुरंढोरं, सगळ्यांचा विसावा नावानिशी सांगितलाय. मसाला शनिवारी वाटून ठेवा, रस्सा नवऱ्यानं करावा किंवा मटण दुसऱ्या दिवशी खावं. दुपारी तीन तास कोणतीही खरेदी नाही, ऑफिसचा मेल नाही, मुलांचा अभ्यास नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी देवाचा कौल समजायची, ही सवय सोडा. त्यातून शांती मिळत नाही, नवी भीती मिळते. वचनांची कार्डं चांगली, पण त्या ओवीच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-पाच ओव्या वाचल्याशिवाय ती स्वतःला लावून घेऊ नका. ‘दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल’ असले मेसेज सरळ पुसून टाका. सभेतल्या साक्षी, म्हणजे देवानं आपलं कसं भलं केलं ते लोक सांगतात ते, ऐकून ‘माझ्याच बाबतीत का नाही?’ असं वाटत असेल तर काही आठवडे सभा कमी करा आणि स्तोत्रं वाढवा. ८८वं वाचा, ते अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

चार दिवस सुटले तर राहिलेलं भरून काढू नका. आजच्या तारखेचं उघडा.

प्रार्थनेआधी झोप, आणि कधी डॉक्टर

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. तेव्हा तीन रात्री नीट झोप नसेल तर पहाटेचं वाचन रद्द करा आणि झोपा. उपवासाच्या काळातही मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे-मागे करू नका.

दोन आठवडे सलग उदासी, झोप-भूक गेलेली, कशातच रस नाही, छातीत धडधडून श्वास कोंडतोय, किंवा जगणं नकोसं वाटतंय, ही विश्वास कमी पडल्याची लक्षणं नाहीत. हा आजार असतो आणि त्याला औषध आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि रात्री एकटे राहू नका. पाळकसाहेबांना किंवा फादरांना सांगायचं असेल तर ‘प्रार्थना करा’ एवढंच न म्हणता ‘माझ्यासोबत डॉक्टरकडे चला’ असं म्हणा. गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात बरं वाटलं नाही म्हणून, किंवा कुठल्या सभेत कोणी ‘तू बरा झालास’ असं जाहीर केलं म्हणून, त्या स्वतःहून बंद करू नका. बऱ्याच गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढच्या तपासणीची तारीख वहीत डावीकडे लिहून ठेवा.